नंबर सांगितल्याशिवाय

"अन् मामीनं नंबर नाही सांगतला तं?"

"तं जायचं नाही."

"मामी रडली तं?"

"तरी नाही."

"अन् चॉकलेट दिलं तं?"

"उन्नती, नंबर म्हंजे नंबर. चॉकलेट घे, पण हलू नको."

गाडीच्या मागच्या सीटवर आजोबा आणि नातीची ही तोंडी परीक्षा पहाटे पाचला छत्तीसगडातल्या भिलाई-तीन गावाहून निघताना सुरू झाली होती, ती रायपूरचा विमानतळ दिसू लागला तरी संपायचं नाव घेत नव्हती. गाडी चालवणारा शेजारचा राजकुमार आरशातून बघत होता आणि हसू दाबत होता. आठ वर्षांची उन्नती मात्र हसत नव्हती. ती प्रत्येक उत्तर ऐकून मान हलवत होती आणि पुढचा प्रश्न शोधत होती. प्रश्न शोधण्यात ती आजोबांच्या वरचढ होती.

तिचे आजोबा, हिरालालजी, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. वय एकाहत्तर. मूळचे गोंदियाकडचे, रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून लागले आणि परीक्षा देत देत मास्तर झाले. सगळी नोकरी त्यांनी दुर्गच्या लाइनवरच्या लहान लहान स्टेशनांवर काढली आणि शेवटी भिलाई-तीनला, मालगाड्यांचा खडखडाट ऐकू येईल अशा बेतानं, दोन खोल्यांचं घर बांधलं. माणूस सज्जन, पण भित्रा. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणार, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येणार, चौथ्यांदा ओढणार. गॅसचं बटण, गच्चीचं दार, पाण्याची मोटर, सगळ्यांना दिवसातून दोनदा त्यांचा हात लागायचा. रेल्वेनं या गुणाबद्दल त्यांना एकदा प्रशस्तिपत्र दिलं होतं. घरात मात्र त्याची चेष्टा व्हायची. म्हणजे, सीमा होती तोवर व्हायची.

सीमा त्यांची मुलगी, उन्नतीची आई. मागच्या उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत ती गेली. उन्नतीचा बाप सुजय त्याआधीच दुसरा संसार मांडून कोरब्याला राहत होता. पोरीला परदेशी पाठवायच्या कागदावर त्यानं सही करून दिली, एवढाच त्याचा संबंध उरला होता. उन्नती आजी-आजोबांकडे राहिली. दिवाळीनंतर आजीला, सिंधुताईंना, लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हा मस्कतला असलेल्या चंदननं, हिरालालजींच्या मुलानं, फोनवर सांगितलं की पोरीला आमच्याकडे पाठवा. उन्नतीला सांगितलं होतं दोन महिन्यांची सुट्टी म्हणून. पण चंदन तिथल्या शाळेत बोलूनही आला होता, आणि हे म्हातारा-म्हातारी दोघांनाही ठाऊक होतं.

चंदन रिफायनरीत फिटर. नेमकं याच आठवड्यात त्याच्या प्लांटमध्ये मोठं दुरुस्तीचं काम निघालं होतं, आत फोन चालत नव्हता, आणि उन्नतीला घ्यायला त्याची बायको मोना एकटीच येणार होती. मोना भिलाईतल्याच नेहरू नगरची, घरात हिंदी बोलणारी. लग्न झालं आणि महिन्याभरात ती मस्कतला गेली. तेव्हा उन्नती तीन वर्षांची होती. त्यानंतर मामी म्हणजे फोनच्या काचेवरचा एक गोरा चेहरा, जो हिंदीत बोलायचा आणि अधूनमधून अडकायचा.

"काचेवरचं तोंड अन् खरं तोंड यात फरक असते," हिरालालजींनी नातीला बजावलं होतं. "म्हणून नंबर."

हा नंबर म्हणजे त्यांच्या धंद्यातली गोष्ट. एका स्टेशनहून पुढच्या स्टेशनकडे गाडी सोडायची तर आधी तिकडे फोन करून विचारावं लागतं, लाइन मोकळी आहे का. नुसतं "हो" चालत नाही. पुढच्या स्टेशनच्या मास्तराजवळ गुप्त आकड्यांचा एक कागद असतो. त्यातला एक दोन आकडी नंबर तो सांगतो, इकडचा लिहून घेतो, आणि मग गाडी सुटते. सांगितलेला नंबर तिकडे लगेच खोडला जातो. एकदा तोंडातून निघाला की संपला. दुसऱ्या गाडीला तो चालत नाही.

तीस वर्षांपूर्वी एका भर दुपारी हिरालालजींनी हा नंबर विचारला नव्हता. पलीकडच्या स्टेशनवर केवलराम होता, रोजचा दोस्त. "सोड न बे, लाइन खाली हाय," तो म्हणाला, आणि आवाज ओळखीचा म्हणून यांनी मालगाडी सोडली. लाइन खाली नव्हती. वळणापलीकडे रूळ दुरुस्त करणारी सात माणसं ट्रॉली लावून काम करत होती. ड्रायव्हरनं ब्रेक लावले, माणसांनी उड्या मारल्या, ट्रॉलीचा चुराडा झाला. कोणी मेलं नाही. पण हिरालालजींना तो दिवस कधीच विसरता आला नाही. ओळखीचा आवाज, ओळखीचा चेहरा, यांची त्यांना तेव्हापासून धास्ती बसली.

म्हणून त्यांनी मोनाकडून फोनवर एक नंबर घेतला होता, आणि तो नातीच्या कानात सांगितला होता. सत्तेचाळीस. विमान कंपनीच्या माणसांना नंबर नको, त्यांना गणवेश असतो. पण तिथं पोचल्यावर जो कोणी न्यायला येईल त्यानं आधी नंबर सांगायचा. उन्नतीनं नियम एकदाच ऐकला आणि पाठ केला. खोडायचा भागसुद्धा.

विमानतळावर काउंटरपाशी एकट्या मुलांसाठीचा फॉर्म भरून झाला. उन्नतीच्या गळ्यात एक मोठं कार्ड अडकवलं गेलं. निळा गणवेश घातलेली एक मुलगी आली, तिनं उन्नतीला नाव विचारलं, आणि हिरालालजींनी त्या मुलीला तिचं नाव, तिच्या साहेबाचं नाव आणि मुंबईला कोण असेल त्याचं नाव विचारलं. तिनं हसून सगळं सांगितलं. त्यांना ते हसणं आवडलं नाही. एवढ्या जोखमीच्या कामात हसायचं काय?

तेवढ्यात मोनाचा फोन आला.

"बाबूजी, पोचले का एअरपोर्टला? सब ठीक?"

हिरालालजींनी स्पीकर सुरू केला. "मोना, नंबर ध्यानात हाय न?"

"हो बाबूजी."

"सांग बरं."

"सैंतालीस."

"मराठीत."

"सत्तेचाळीस. बाबूजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी एक घंटा पहलेच जाऊन उभी राहीन."

हिरालालजींनी फोन बंद केला आणि कुलूप ओढून पाहिल्यासारखं त्यांना जरा बरं वाटलं. उन्नती मात्र त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहत होती.

"आबाजी, पण थो नंबर..."

"आता काही बोलू नको. बॅग घट्ट पकड."

"पण आबाजी..."

"चलें, बेटा?" निळ्या गणवेशातल्या मुलीनं हात पुढे केला.

उन्नतीनं तो हात धरला. रडली नाही. हिरालालजींनीच तिला सांगितलं होतं की मागं पाहत चालू नको, पडशील. म्हणून ती एकदाही मागं न पाहता, समोरच्या फरशीवर नजर लावून, चालत गेली. काचेच्या दारापलीकडे ती दिसेनाशी झाली तेव्हा हिरालालजींना वाटलं, हे आपण कशाला सांगितलं?

परतीच्या वाटेवर राजकुमारनं गाणी लावली, मग त्यांच्याकडे पाहून बंद केली.

घरी सिंधुताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या.

"गेली?" त्यांनी विचारलं. त्यांचे शब्द आता ओले होऊन यायचे.

"गेली."

"रडली काय?"

"नाही."

"आजकाल रडतच नाही पोट्टी," सिंधुताई म्हणाल्या. "हासतही नाही, रडतही नाही."

हिरालालजी चहा करायला आत गेले. चहा करून झाल्यावर त्यांनी गॅसचं बटण पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गेल्या काही महिन्यांत हे बटण त्यांच्याआधी कोणीतरी पाहिलेलं असायचं. शाळेतून आली की उन्नती दप्तर ठेवायची आणि आधी स्वयंपाकघरात जायची. मग आजीच्या खाटेजवळ. झोपलेल्या आजीच्या नाकापुढं बोट धरून श्वास येतो का पाहायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला ते. त्या वेळी हिरालालजींना त्याचं कौतुक वाटलं होतं. शहाणी पोर, म्हणाले होते.

साडेअकराला मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला. बच्ची बैठी है, सँडविच खाया, पानी पिया. हिरालालजींनी विचारलं, दुसरं विमान किती नंबरच्या फाटकातून? तो माणूस म्हणाला, अंकल, वो हम देख लेंगे. फोन ठेवला.

दोनला राजकुमार आला. त्याच्या मोबाइलवर नकाशा होता आणि नकाशावर विमानाचं एक पिवळं चित्र होतं. चित्र जमिनीवरून सरकत सरकत निळ्या भागावर आलं.

"हे निळं काय?"

"समुद्र आहे, काका."

"सगळा?"

"मस्कतपर्यंत सगळा."

हिरालालजी बराच वेळ त्या निळ्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी गाड्या सोडल्या. गाडी सुटली की पुढचं स्टेशन येईपर्यंत ती कुणाला दिसत नाही. पण वाटेत कुठंतरी फाटक असतं, फाटकावर माणूस असतो, गाडी गेल्याचं त्याला तरी दिसतं. इथं तर काही नव्हतं. एवढ्या पाण्यावर एक पोर चालली होती आणि तिला पाहणारं कोणी नव्हतं. त्यांनी राजकुमारला मोबाइल घेऊन जायला सांगितलं, आणि तो दारापर्यंत गेला तोच परत बोलावलं.

साडेचारला चित्र जमिनीला लागलं. "उतरलं, काका! चला, मिठाई द्या," राजकुमार म्हणाला आणि आपल्या घरी गेला. हिरालालजी मोबाइल समोर ठेवून खुर्चीवर बसले.

पाच वाजले. सामान यायला वेळ लागत असेल.

साडेपाच. कागद तपासत असतील.

पावणेसहाला त्यांनी मोनाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. चंदनचा फोन बंद. विमान कंपनीच्या नंबरावर एक बाई हिंदीत आणि इंग्रजीत आभार मानत होती आणि गाणं ऐकवत होती. हिरालालजी उभे राहिले. त्यांना नको नको ते दिसायला लागलं: ओळखीचं हसणारं कोणीतरी, ओळखीचा आवाज, पोरीचा हात धरून चाललेलं. एक मोटार, तिचं दार बंद झालेलं. परक्या मुलखात कोणाला विचारणार, कोणत्या भाषेत? चार भिंतींत कुलपं ओढून ओढून सांभाळलेली पोर आपण आपल्या हातानं सोडून दिली.

"तुम्ही बसा," सिंधुताई म्हणाल्या. "तुमाले पाहून मले भेव वाटून राहिलं."

"कावून उचलत नाही मोना फोन? सांग न! कावून उचलत नाही?"

सिंधुताईंनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हात जोडले. त्या देवाचं नाव घेत होत्या की सीमाचं, ते ऐकू येत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मोना होती, आणि ती रडत होती.

"बाबूजी, तुम्ही काय शिकवून पाठवलं हिला? ती माझ्याजवळ येऊनच नाही राहिली!"

पोर होती. जिवंत होती, मोनाच्या डोळ्यांसमोर होती. ते खुर्चीवर बसले.

"एक घंटा झाला, खाली फरशीवर बसून आहे. बॅग पकडून. मी नंबर सांगितला, दस बार सांगितला. म्हणते, हा नंबर नाही चालत. सब लोग बघतायत मला, बाबूजी, जशी मी कोणी बच्चाचोर आहे. फोन माझा पर्समध्ये होता, मला ऐकूच नाही आला..."

मग फोनवर दुसरी बाई आली. विमान कंपनीची. तिची हिंदी सरळ आणि नम्र होती. "अंकलजी, नाम, पासपोर्ट, सब मैच हो गया है. लेकिन बच्ची मना कर रही है, तो हम जबरदस्ती नहीं दे सकते. हमारी फ्लाइट आधे घंटे में वापस मुंबई जा रही है. सीट है. आप घरवाले बोलेंगे तो हम बच्ची को उसी में वापस भेज देंगे. आप एक बार उससे बात कर लीजिए."

आणि मग उन्नती.

"आबाजी."

"बोल, बेटा."

"मामीनं सत्तेचाळीस सांगतला."

"मंग? बरोबर हाय न!"

"नाही न, आबाजी. थो तं सकाळीच बोलून झाला. रायपूरले. तुम्ही मामीले विचारला, मामीनं सांगतला, सगळ्याइनं ऐकला. त्या निळ्या ताईनं पण ऐकला. एकदा बोलला की खोडायचा. तुम्हीच सांगतलं होतं." ती थांबली. "मी तुमाले तिथंच सांगत होती. तुम्ही ऐकलं नाही."

बत्तीस वर्षं लाइनवर काढलेल्या माणसानं, भीतीपोटी, नंबर चारचौघांत बोलवून घेतला होता आणि जाळून टाकला होता. आणि हे साऱ्या जगात एकाच माणसाच्या ध्यानात आलं होतं. ते माणूस आठ वर्षांचं होतं आणि परक्या देशात फरशीवर बसलं होतं.

"आबाजी, मंग मी वापस येऊ?"

तिनं हे घाईनं विचारलं. तिला यायचं होतं, आवाजात ते लपत नव्हतं.

हिरालालजींच्या तोंडात "ये" आलंच होतं. एक अक्षर. तेवढं म्हटलं की आज मुंबई, उद्या रायपूर. कोणी त्यांना बोल लावला नसता. पोरीनंच नकार दिला, म्हटलं असतं. परवापासून ती पुन्हा या खोलीत, या पंख्याखाली. त्यांनी सिंधुताईंकडे पाहिलं. स्पीकर सुरू होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सिंधुताईंचे ओठ हलत होते आणि डोळे म्हणत होते, बोलवा. बोलवा तिले.

मग त्यांना ती दिसली. इथं नाही, तिथं. बॅग पोटाशी धरून बसलेली. समोर मामी रडतेय, चॉकलेट देतेय, आणि ही हलत नाही. तासभर. एवढ्या पोरीत एवढी भीती कुठून आली? हिरालालजींना त्याचं उत्तर माहीत होतं. चेहरा-मोहरा तिनं आईकडून घेतला असेल, पण ही वस्तू त्यांच्याकडची होती. गॅसचं बटण पाहणारा हात त्यांचा होता. आजीच्या नाकापुढं धरलेलं बोट त्यांचं होतं. पोर परत आली तर ती कुलपं ओढत मोठी होणार, आणि एक दिवस या घरात, आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या, नाकापुढं धरलेल्या बोटाला काहीच लागणार नाही. तेव्हा तिच्याजवळ कोण असणार?

"आबाजी? येऊ न?"

"थांब," हिरालालजी म्हणाले. "तू बरोबर हायेस. नंबर खोटा नव्हता, पण जळला. चूक माही हाय. मामीची नाही, तुही नाही. माही. समजलं?"

"हाव."

"आता मामीले फोन दे."

मोना आली. नाक ओढत.

"मोना बेटा, स्पीकर बंद कर अन् जरा दूर जा पोरीपासून. मले नवा नंबर दे."

"मी कुठून देऊ, बाबूजी? तुम्ही सांगा ना, मी बोलून देते तिला."

"मी नाही देऊ शकत. तसा कायदा नाही." हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा, लाखदा उच्चारलं असेल, पण आज ते जड झालं होतं. "गाडी जिकडं जाते, तिकडचा मास्तर नंबर देते. सोडणाऱ्यानं फक्त मागायचा असते. मी मागून राहिलो. दे."

पलीकडे सामानाच्या गाड्यांची चाकं वाजत होती, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. मग मोना बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. रडका नव्हता.

"बावीस."

"दोन दोन, बावीस," हिरालालजींनी सवयीनं उच्चार केला. "मोना, आवाज नको होऊ देऊ. आधी मी तिले सांगतो, मंग तू सांग. अन् एक ऐक. थे पोट्टी बटणं पाहत फिरन. गॅसचं, दाराचं, सगळी. पाहू नको देऊ. रागावू नको, पण पाहू नको देऊ."

"जी, बाबूजी."

"दे आता तिले."

उन्नती आली.

"उन्नती, नवा नंबर भेटला. मामीजवळून घेतला. कोणी नाही ऐकला. कान लाव. बावीस."

"दोन दोन, बावीस," उन्नती कुजबुजली.

"बरोबर. आता मामीले विचार."

फोन कानापासून दूर गेला. लांबून उन्नतीचा आवाज आला, तिखट, पोलिसासारखा: "नंबर?" आणि मोनानं हळूच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

सिंधुताईंनी हिरालालजींचं मनगट धरलं होतं.

"आबाजी," उन्नती म्हणाली, "भेटला. जाऊ?"

"जा."

"पक्का जाऊ?"

"जा, बेटा," हिरालालजी म्हणाले. "लाइन खाली हाय."

फोनमध्ये खरखर झाली, कशावर तरी कपडा घासल्याचा आवाज आला. सह्या चालल्या असाव्यात. कंपनीची बाई थँक्यू म्हणाली. मोनानं फोन बंद न करताच पर्समध्ये टाकला होता, हे हिरालालजींच्या उशिरा ध्यानात आलं. पर्समधून आवाज येत होते, गोधडीआडून यावेत तसे. बॅगेची चाकं. काचेचं दार सरकल्यासारखं काही. आणि मग वारा.

"बाप रे, कितनी गर्मी है!" उन्नती.

"है ना? तुमच्या भिलाईपेक्षा जास्त." मोना.

"मामी, तुम्ही अजून रडून राहिल्या काय?"

"नाही रे. पसीना आहे."

"आँख से पसीना?"

आणि उन्नती हसली. अगदी छोटं, नाकातून आलेलं, पण हसली. हिरालालजींनी वर्षभरात तो आवाज ऐकला नव्हता. सिंधुताईंनी तोंडावर पदर धरला. त्यांच्या त्या अर्ध्या वाकड्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते सांगणं कठीण होतं. दोघं मोबाइलवर वाकून बसले, डोकी एकमेकांना लागतील इतके.

मोटारीचं दार उघडलं. पट्टा कसा लावायचा ते मोना शिकवत होती. मामा रात्री येतील म्हणत होती. तुला भेंडी आवडते का, विचारत होती.

"भेंडी चलेगी," उन्नती म्हणाली. "लेकिन आजी जैसी चिपचिपी नहीं."

सिंधुताईंच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. हसणं असावं. मोटार सुरू झाली.

हिरालालजींनी बोट पुढे नेलं.

"नका न ठेवू," सिंधुताई म्हणाल्या. "ऐकू द्या थोडं. घरी पोचेपर्यंत."

"नाही."

"कावून?"

"दुसऱ्याच्या घरातलं बोलणं हाय थे," हिरालालजी म्हणाले. "ऐकू नये."

हिरालालजींचं बोट दोनदा भलतीकडेच लागलं. तिसऱ्यांदा फोन बंद झाला.